उन्हाळ्यात पार्सल नको. आंबील, कण्या, दडपे पोहे

एप्रिल उजाडला की विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरांची भट्टी होते. अकोला, चंद्रपूर, जळगाव, नांदेड या भागांत पारा ४२-४३ अंशांवर गेला तर त्याची आता बातमीही होत नाही. दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली संध्याकाळी सात वाजता गॅस पेटवून पंधरा-वीस पोळ्या लाटायच्या म्हणजे काय, हे लाटणारीलाच ठाऊक. मग कोणीतरी म्हणते, "आज राहू दे, पार्सलच आणू." एरवी महिन्यातून एखादे वेळी येणारे पार्सल मे महिन्यात आठवड्यातून दोन-तीनदा येऊ लागते. पूर्वी त्यासाठी डबा घेऊन हॉटेलात जावे लागे. आता अनेक लहान गावांतही मोबाईलवर मागवले की घरपोच मिळते.

याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. पंखा लावला तर गॅसची ज्योत हलते, बंद केला तर जीव घाबरा होतो, अशा खोलीत तासभर उभे राहणे हे प्रकृतीलाही घातकच आहे. पार्सल हा त्या उकाड्यावर शोधलेला उपाय आहे. फक्त तो महाग आहे आणि नेमका याच दिवसांत धोक्याचाही आहे. तेव्हा पदार्थांची नुसती यादी देण्यापेक्षा आपण असा विचार करू की, संध्याकाळी गॅस पंधरा मिनिटांहून जास्त पेटू नये, खर्च आवाक्यात राहावा आणि तरीही चौघांचे पोटभर जेवण व्हावे, हे कसे साधेल?

बाहेरचे अन्न उन्हाळ्यातच का बाधते?

अन्नातले जंतू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात वाढतात. थंडीत ओट्यावर ठेवलेली भाजी लवकर निवते आणि जंतूंची वाढ मंद राहते. मे महिन्यात तीच भाजी तासन् तास कोमट राहते, आणि ३५-४० अंशांची ही ऊब त्यांना सर्वांत मानवते. अशा अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हिशेब केला तर चार तासांत एकाचे चार हजार होतात. म्हणून एरवी शिजवलेले ओले अन्न दोन तासांपर्यंत बाहेर चालत असले, तरी कडक उन्हाळ्यात ही मुदत एक तासाचीच धरावी.

आता पार्सलचा प्रवास पाहा. हॉटेलात रस्सा बहुधा दुपारीच करून ठेवतात. भात सकाळी अर्धा शिजवून ठेवलेला असतो, मागणी आली की परततात. मग तो डब्यात बंद होतो, गाडीवर फिरतो, घरी आल्यावर "सगळे आले की जेवू" म्हणून आणखी अर्धा-पाऊण तास पडून राहतो. हॉटेल स्वच्छ असले तरी हा वेळ मोजावाच लागतो.

भाताबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यांतून जंतू निपजतात आणि एक प्रकारचे विष सोडतात. हे विष पुन्हा उकळल्यानेही नाहीसे होत नाही. हाताला फोड किंवा जखम असलेल्या स्वयंपाक्याकडून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूचेही तसेच आहे. "चांगले खळखळून गरम केले, आता काय होणार?" हा समज म्हणूनच फसवा आहे. गरम केल्याने जंतू मरतात, त्यांनी आधी सोडलेले विष राहते. असे अन्न खाल्ले की एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. उन्हाळ्यात शरीरातले पाणी आधीच घामावाटे गेलेले असते, त्यामुळे लहान मूल काही तासांत मलूल पडते. अशा वेळी जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाने पाण्यात विरघळवून घोटघोट पाजावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले, मूल झापडीत गेले किंवा पाणीही ठरेना, तर घरी थांबू नये.

भाजीपेक्षाही सोबतची हिरवी चटणी, कापलेला कांदा आणि सरबतातला बर्फ यांची भीती अधिक, कारण त्यांना आच लागलेलीच नसते. महाराष्ट्रात खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर रंगाचा करण्याचा नियम २०१८ पासून आला. म्हणजे पांढरा दिसणारा प्रत्येक बर्फ शुद्ध पाण्याचाच असतो, असे मात्र समजू नये. जाता जाता आमच्याच घरच्यांविरुद्ध एक सांगतो. भजी, वडे वर्तमानपत्रात बांधून घेऊ नयेत. छपाईची शाई तेलात उतरते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तशी सूचना काढली आहे. हे सदर वाचून झाल्यावरही तीच काळजी घ्यावी!

काय टिकते, काय टिकत नाही

वरचा सगळा नियम घरच्या अन्नालाही लागू आहे. म्हणून "सकाळी गारव्यात सगळा स्वयंपाक करून ठेवा आणि रात्री तोच वाढा" हा सल्ला मी देणार नाही. सकाळी सातची डाळ रात्री आठला म्हणजे तेरा तास झाले. त्याऐवजी सकाळी काय करून ठेवता येते आणि काय ठेवू नये, याची निवड नीट करावी.

जंतूंना वाढायला पाणी लागते आणि आंबटपणा त्यांना सोसत नाही. एवढे लक्षात ठेवले तर बाकीचे आपोआप कळते. भाजलेली कोरडी भाकरी, दशमी, शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, लाह्या, फुटाणे, सातूचे पीठ हे टिकते, कारण त्यांत पाणी कमी. दही, ताक, कैरीचा तक्कू, मेथांबा हे थोडे अधिक तग धरतात, कारण ते आंबट. भात, वरण, उसळ, उकडलेला बटाटा, पनीर, दुधाची खीर यांत पाणीही भरपूर आणि आंबटपणाही नाही, म्हणून ते सर्वांत आधी बिघडते. प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर आजी दशम्या आणि चटणी बांधून देई, वरणभात देत नसे. जंतूंची नावे तिला ठाऊक नव्हती, पण हा फरक पक्का ठाऊक होता.

भाकरीबाबत एक बारकावा आहे. तव्यावरून काढलेली गरम भाकरी लगेच प्लॅस्टिकच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात कोंबली तर वाफेचे पाणी होते, भाकरी ओलसर राहते आणि संध्याकाळपर्यंत तिला वास येतो. ती आधी उघडी निववावी आणि मग सुती फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवावी. सकाळी सहा-साडेसहाला केलेल्या भाकऱ्या अशा ठेवल्या तर रात्री खुशाल खाता येतात. खानदेशातली कळण्याची भाकरी तर यासाठी फारच चांगली. ज्वारीत उडीद दळलेला असल्यामुळे ज्वारीच्या प्रथिनांत जी उणीव असते ती उडीद भरून काढतो. नुसत्या ठेच्याबरोबर खाल्ली तरी ती पोळी-बटाट्यापेक्षा सरस ठरते.

चुलीजवळ कमी, पानात पुरेसे

आंबील हा उन्हाळ्यातला पहिला पदार्थ. रात्री झोपताना ज्वारीचे किंवा नाचणीचे तीन मोठे चमचे पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवावे. सकाळी तीन वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात हे आंबवलेले पीठ ढवळत ओतावे, मीठ घालून सहा-सात मिनिटे शिजू द्यावे. पातेले पाण्याच्या परातीत ठेवून निववावे आणि मग दोन वाट्या ताजे ताक, जिऱ्याची पूड, ठेचलेला लसूण, कोथिंबीर घालावी. आंबवल्याने पीठ पचायला हलके होते आणि त्यातले लोह, जस्त अंगी लागण्याचे प्रमाण वाढते. नाचणीची केली तर कॅल्शियमही मिळते. १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मात्र आंबील हे चौघांना दुपारपर्यंत पुरणारे पेय आहे, पूर्ण जेवण नव्हे. शेतावर किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला नुसत्या आंबिलीवर ठेवू नये. तिच्याबरोबर मूठ-दोन मुठी फुटाणे, भाकरी आणि कांदा हवाच.

कण्या हल्ली घराघरांतून नाहीशा होत चालल्या आहेत, याचे वाईट वाटते. ज्वारी जाडसर भरडून पीठ चाळून काढले की राहतात त्या कण्या. गिरणीत सांगितले तर काढून देतात. वाटीभर कण्या दुपारी चारला भिजत घालाव्यात. संध्याकाळी चार वाट्या पाणी आणि मीठ घालून कुकरच्या तीन-चार शिट्ट्या कराव्यात, की झाल्या. पोळ्या लाटताना जसे ज्योतीसमोर उभे राहावे लागते, तसे इथे नाही. शिट्ट्या मोजत दारात बसता येते. कुकर आपोआप उघडेपर्यंत थांबावे, तेवढ्या वाफेत कण्या छान फुलतात. वर ताक आणि लसणाची फोडणी घातली की भाताची आठवण येत नाही. त्याच कुकरात वरच्या डब्यात दोन कैऱ्या ठेवल्या तर दुसऱ्या दिवशीच्या पन्ह्याची सोय होते. पन्ह्यात गूळ जपून घालावा. बाजारातल्या ३०० मिलिलिटर शीतपेयात सहा-सात चमचे साखर असते. घरच्या पन्ह्यातही तितकाच गोडवा ओतला तर त्या बाटलीत आणि पन्ह्यात फरक तो काय उरला?

ज्या दिवशी गॅसकडे पाहवतही नाही, त्या दिवशी दडपे पोहे करावेत. ते कोकणातले, पण त्यांना देशावर आणायला हरकत नाही. नारळ महाग पडतो म्हणून आपल्याकडे काकडी वापरावी. दोन काकड्या किसून त्यांच्या पाण्यासकट चार वाट्या पातळ पोह्यांत मिसळाव्यात, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, किसलेली कैरी, मीठ, किंचित साखर घालून वर ताटली दाबून वीस मिनिटे ठेवावे. काकडीत पंच्याण्णव टक्के पाणीच असते, त्यातच पोहे भिजतात. मग पळीभर तेलाची मोहरी, हिंग, मिरची आणि भरपूर शेंगदाणे घातलेली फोडणी द्यावी. गॅस दोन-तीन मिनिटे पेटला तेवढाच. हा पदार्थ घरातल्या पुरुषांनी आणि आठवी-नववीतल्या मुलांनी करायला काहीच अडचण नाही. पार्सल आणायला गाडी काढून जाण्याइतकाच वेळ लागतो.

मराठवाड्यातला सुशीला हा त्याचाच भाऊबंद. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतायचे आणि फुटाण्याच्या डाळीचा कूट भुरभुरायचा. हा कूट कंजूषी न करता, चार माणसांत वाटीभर तरी घालावा. चुरमुऱ्यांनी पोट भरल्यासारखे वाटते, पण प्रथिने येतात ती या कुटातून.

प्रथिनांचा प्रश्न उन्हाळी जेवणात नेहमीच मागे पडतो. सरबते, कलिंगड, कोशिंबिरी यांनी तहान भागते, पण वाढत्या वयाच्या मुलांचे, गरोदर स्त्रीचे त्यावर भागत नाही. वरण शिजवायला तास घालवायचा नसेल तर चैत्रातली आंब्याची डाळ आठवावी. चार-पाच तास भिजलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून कैरी आणि फोडणी घातली की झाली, शिजवणे नाहीच. ती ओली आणि कच्ची असते, तेव्हा केल्यावर तासाभरात संपवावी आणि ज्यांना वाताचा, पोट फुगण्याचा त्रास आहे त्यांनी बेतानेच खावी. भिजवलेल्या मुगाला या हवेत रातोरात मोड येतात. मोड आल्यावर त्यातले 'क' जीवनसत्त्व वाढते. पण ज्या उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात, म्हणून मूग पाच मिनिटे वाफवूनच कोशिंबिरीत घालावेत. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर स्त्रियांना कच्चे मोड देऊ नयेत. बेसनाचे पिठले दहा मिनिटांत होते. जे अंडी खातात त्यांनी "अंडी उष्ण" म्हणून उन्हाळ्यात ती बंद करण्याचे कारण नाही. एका उकडलेल्या अंड्यातून सहा ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात आणि इतक्या कमी पैशांत दुसरीकडे क्वचितच मिळतील.

दहीभात सर्वांच्या आवडीचा, पण त्याला भाताचा नियम आहेच. भात ताटात पसरून लवकर निववावा, ताजे दही कालवावे, लगेच खावा किंवा तासाच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर सकाळी कालवलेला दहीभात संध्याकाळी वाढू नये.

पैशांचा हिशेब

गावोगावचे भाव निराळे असतात, तरी ढोबळ अंदाज घेता येतो. चौघांच्या एका रात्रीच्या जेवणासाठी अर्धा किलो ज्वारीचे पीठ, पाव किलोच्या आत बेसन, अर्धा किलो कांदा-काकडी, अर्ध्या लिटर दुधाच्या दह्याचे ताक आणि तेल-मसाला धरला तर शंभर-सव्वाशे रुपयांत पिठले, भाकरी, कोशिंबीर आणि ताक होते. त्याच चौघांसाठी साध्या हॉटेलातून एक पनीरची भाजी, एक डाळ, आठ रोट्या आणि भात आणला तर साडेचारशे-पाचशे कुठेच जात नाहीत. आठवड्याला दोन पार्सले कमी झाली तरी एप्रिल-मे मिळून पाच-सहा हजार रुपये शिल्लक राहतात. जूनमध्ये शाळेच्या वह्या-दप्तरांचा खर्च उभा राहतो, तेव्हा ते उपयोगी पडतात.

बचतीचा आणखी एक भाग पैशांत मोजता येत नाही, तो मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चहाचा चमचा. हॉटेलची रस्सा भाजी, लोणचे, पापड यांत हे माप एका जेवणातच ओलांडले जाऊ शकते. रक्तदाबाच्या रुग्णांनी घरीही ताक, पन्हे बिनमिठाचे घ्यावे. "घाम येतो म्हणून मीठ जास्त घ्या" हा सल्ला दिवसभर उन्हात राबणाऱ्यांसाठी एक वेळ ठीक आहे, पंख्याखाली बसणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णासाठी नाही. मधुमेह असलेल्यांनी दडपे पोहे आणि सुशीला बेताने घेऊन जोडीला वाफवलेले मूग वाढवावेत. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी आंबील-ताक किती घ्यायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

इतके करूनही पार्सल आणण्याची वेळ येतेच. घरात आजारी माणूस असते, पाहुणे अचानक येतात, लग्नसराईत दिवसभर बाहेर जातो. तेव्हा स्टीलचा डबा घेऊन स्वतः जावे आणि समोर तव्यावर, कढईत होणारा पदार्थ घ्यावा. ताजी रोटी आणि डाळ फ्राय हे पनीरच्या रश्शापेक्षा किंवा फ्राईड राईसपेक्षा बरे. कढत रस्सा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेऊ नये. सोबतची हिरवी चटणी आणि कापलेला कांदा तिथेच ठेवावा, कांदा घरी चिरायला मिनिट लागत नाही. आणल्याबरोबर जेवून घ्यावे. एखादा माणूस उशिरा येणार असेल तर त्याचा वाटा झाकून ओट्यावर ठेवण्यापेक्षा सकाळची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताजे ताक त्याच्यासाठी ठेवावे.